बर्लिनला शिकायला जाताय? आधी पत्रपेटीवर नाव लागू द्या

"ताई, खोली मिळाली! पाचशे ऐंशी युरो, मेट्रो स्टेशन दोन मिनिटांवर. फक्त आन्मेल्डुंग होणार नाही म्हणतायत. चालेल ना?"

सप्टेंबरातल्या एका रात्री सांगलीहून आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. बर्लिनच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश झालेला, व्हिसा हातात, तिकीट काढलेलं. महिनाभर ती रोज रात्री खोल्यांच्या जाहिराती बघत होती आणि आता कुठे एकाने होकार दिला होता. तिच्या आवाजातला आनंद ऐकून माझ्या जिवावर आलं, पण म्हणाले, "नाही चालणार गं."

मग तिचे बाबा फोनवर आले. "अहो, खोली आहे, भाडं आपण भरणार, मग त्या पत्त्याच्या नोंदणीचं एवढं काय घेऊन बसायचं? आपल्याकडे मुलं पुण्यात वर्षानुवर्षं कॉट बेसिसवर राहतात, कोण विचारतं?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. बर्लिनला शिकायला गेले तेव्हा माझीही समजूत हीच होती. जर्मनीत शिक्षण फुकट, प्रवेश मिळाला की जिंकलं, राहायचं काय ते बघू. प्रत्यक्षात त्या शहरात विद्यार्थ्याचं सगळं आयुष्य एका कागदाला बांधलेलं असतं. तो कागद म्हणजे तुमच्या पत्त्याची सरकारी नोंद. तो नसेल तर प्रवेश, पैसा, व्हिसा सगळं असूनही माणूस अधांतरी लोंबकळतो. त्या रात्री त्या दोघांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

इतकी मुलं तिकडे का निघालीत?

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते. त्याच्या आदल्याच वर्षी आपण चीनला मागे टाकून तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत पहिल्या क्रमांकावर गेलो होतो, आणि आकडा पुढे वाढतोच आहे. अमेरिकेची फी परवडत नाही, व्हिसाची धास्ती वाटते, ब्रिटनचे नियम बदलत राहतात. मग पुण्या-नाशिक-सांगलीच्या मध्यमवर्गीय घरात जर्मनीचं नाव निघतं.

तसं बर्लिनशी आपलं नातं जुनं आहे. इरावतीबाई कर्वे १९२८ साली तिथे मानवशास्त्राच्या संशोधनासाठी गेल्या. सासऱ्यांचा, म्हणजे महर्षी कर्व्यांचा, त्यांनी तेव्हा परदेशी जाण्याला विरोध होता. पैसा उभा केला तो काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन. डालेम या उपनगरातल्या ज्या संस्थेत त्यांनी काम केलं, तिची इमारत आज फ्री विद्यापीठाच्या आवारात उभी आहे. मी तिथून सायकलवरून जायचे तेव्हा दर वेळी वाटायचं, की शंभर वर्षं होत आली, अजूनही आपल्या मुली कर्ज काढूनच या रस्त्यावर येतात.

फुकट म्हणजे नक्की काय फुकट?

बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत, म्हणजे हुम्बोल्ट, फ्री, तांत्रिक विद्यापीठ वगैरे ठिकाणी, बहुतेक नियमित अभ्यासक्रमांना शिकवणी फी नाही. भारतीयालाही नाही. दर सहा महिन्यांनी साधारण साडेतीनशे युरो भरावे लागतात. त्यातला मोठा वाटा प्रवासाच्या पासाचा असतो आणि तो पास देशभरातल्या लोकल गाड्या, मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे चालतो.

मात्र "जर्मनीत फी नाही" हे सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून फी लावली, मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो. आणि खासगी विद्यापीठं तर फीवरच चालतात. त्यांच्याकडे पुढे येतेच.

थोडक्यात, बर्लिनमध्ये शिकवणी फुकट आहे, राहणं फुकट नाही. लग्नाचा हॉल फुकट मिळाला म्हणून लग्न फुकटात होत नाही, तसं हे.

कुलूप लावलेली कणगी

व्हिसा देण्याआधी जर्मन सरकार विचारतं, की वर्षभर खाणार काय? त्याचं उत्तर म्हणून बहुतेक विद्यार्थी एक खातं उघडतात. जर्मनमध्ये त्याला श्पेअरकोन्टो म्हणतात, म्हणजे अडवून ठेवलेलं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो भरावे लागतात.

पूर्वी घराघरांत सुगीला वर्षाचं धान्य कणगीत भरून ठेवत आणि आजी महिन्याच्या महिन्याला मापून काढून देई. हे खातं तसंच आहे. पैसे तुमचेच, पण महिन्याला ९९२ युरोच बाहेर येतात, एकदम उचलता येत नाहीत. म्हणून याला "खर्च" समजू नका आणि "फी" तर मुळीच समजू नका. अनेक आईवडील ही रक्कम ऐकून दचकतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर जवळजवळ १२ लाख होतात, आणि २०२५ मध्ये युरोने शंभरी ओलांडलीसुद्धा. पण हे लेकराचं वर्षभराचं जेवणखाण आणि भाडं आहे, कुणाला दिलेली रक्कम नाही.

प्रश्न असा, की ९९२ युरो पुरतात का? कागद-पेन्सिल घेऊन बसू. बर्लिनमध्ये सामायिक घरातली एक खोली आता साधारण ६५० युरोला पडते. उरले ३४२. आरोग्य विमा सक्तीचा आहे, तो विद्यार्थी दराने महिन्याला १४५ युरोंच्या आसपास. उरले १९७. सत्राचे साडेतीनशे सहा महिन्यांत विभागले तर महिन्याला ५८. उरले १३९. एवढ्यात जेवण, फोन, हिवाळ्याचा कोट, पुस्तकं. डाळ-तांदूळ घरी शिजवणारं मूलही यात ओढाताणीनेच भागवेल. म्हणून मी विचारणाऱ्या प्रत्येक घराला सांगते, महिन्याचा हिशोब अकराशे-बाराशे युरोंचा धरा आणि वरचे पैसे कुठून येणार ते निघण्याआधी ठरवा.

या हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा भाड्याचा आहे, आणि तोच सगळ्यात अनिश्चित आहे. इथून पत्त्याची गोष्ट सुरू होते.

आन्मेल्डुंग म्हणजे काय?

जर्मनीत कुठल्याही घरात राहायला गेलात, की दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात जाऊन "मी आता इथे राहतो" अशी नोंद करायची असते. या नोंदणीला आन्मेल्डुंग म्हणतात. हा नियम परदेशी माणसापुरता नाही. जर्मन माणूस एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेला तरी त्याला हेच करावं लागतं.

आपल्याकडे याला सरळ जोड नाही, म्हणून ते डोक्यात बसत नाही. घर बदललं तरी आपण आधारवरचा पत्ता वर्षानुवर्षं बदलत नाही. लातूरच्या मुलाचं मतदान लातूरला, रेशनकार्ड लातूरला आणि तो स्वतः हिंजवडीला, हे आपल्याला सवयीचं आहे. जर्मन व्यवस्थेत मात्र माणूस जिथे झोपतो तिथेच तो कागदावर असला पाहिजे. आपला नोंदणीकृत भाडेकरार, भाडेकरूची पोलिस पडताळणी आणि रहिवासी दाखला या तिन्ही गोष्टी एकत्र करून एकाच कागदात घातल्या तर जे होईल, ते म्हणजे ही नोंदणी.

तिच्यासाठी पासपोर्ट लागतो, एक अर्ज लागतो आणि घरमालकाने सही केलेलं एक पत्र लागतं, की अमुक माणूस अमुक तारखेपासून माझ्या घरात राहायला आला आहे. हे पत्र २०१५ पासून पुन्हा सक्तीचं झालं आहे. नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही. आणि बहुतेक मुलांचं घोडं अडतं ते या पत्रापाशीच.

अर्जात धर्माचा एक रकाना असतो. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मुलांनी तिथे थांबून विचार करावा. तिथे चर्चचं सदस्यत्व नोंदवलं, की पुढे नोकरी लागून आयकर सुरू झाल्यावर बर्लिनमध्ये त्या कराच्या ९ टक्के चर्च-कर वेगळा कापला जातो. श्रद्धा प्रत्येकाची, त्यात मी पडत नाही. पण त्या रकान्याचा पैशाशी संबंध आहे हे मुलांना कुणी सांगत नाही, ते सांगायला हवं.

एका कागदामागे लागलेली रांग

नोंदणी झाली की तिथल्या तिथे एक साधा छापील कागद हातात मिळतो. त्यावर ना सोनेरी शिक्का, ना फोटो. पण त्यानंतर दोन-चार आठवड्यांत त्या पत्त्यावर पोस्टाने अकरा अंकी कर क्रमांक येतो. अर्धवेळ कामावर लागलात, की मालक तो क्रमांक मागतो. तो नसेल तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जातो. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, पण भाडं या महिन्यात द्यायचं असतं.

अनेक बँका खातं उघडायला हीच नोंद मागतात, आणि कणगीतले ९९२ युरो दर महिन्याला पडायला एक चालू खातं तर हवंच. सर्वांत मोठी गोष्ट निवास परवान्याची. भारतातून मिळालेला व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी शिक्षण संपेपर्यंतच्या निवास परवान्यासाठी अर्ज करायचा, आणि कोणत्या शहराचं कार्यालय तो घेणार हे तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावरून ठरतं. पत्ताच नोंदलेला नसेल तर अर्ज कुणाकडे करणार?

सांगलीच्या बाबांना एवढं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे सातबारा नसला की पीककर्ज नाही, विमा नाही, अनुदान नाही, तसंच की." मला याहून नेमकी उपमा सुचली नसती.

पत्रपेटीवरचं नाव

ज्या खोलीत मी पहिली राहिले ती नॉयक्योल्न भागातल्या एका जुन्या इमारतीत होती. बर्लिनची जुनी घरं आपल्या पुण्याच्या वाड्यांसारखी. रस्त्याला लागून पुढची इमारत, बोळातून आत गेलं की चौक, चौकापलीकडे मागची इमारत, कधी तिच्याही मागे आणखी एक. माझी खोली मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, डावीकडे. घराला नंबर नाही. बर्लिनमध्ये फ्लॅटला सहसा नंबर नसतोच. पोस्टमन पत्रपेटीवरचं नाव वाचतो आणि पत्र टाकतो. नाव नाही, तर पत्र "असा माणूस इथे राहत नाही" म्हणून परत.

नोंदणी झाली, कागद मिळाला, मी निर्धास्त. ज्याच्याकडून खोली घेतली होती तो म्हणाला होता, "पेटीवर तुझं नाव लावतो." त्याने लावलं नाही आणि मीही खाली जाऊन पाहिलं नाही. कर क्रमांकाचं पत्र आलं आणि परत गेलं. आरोग्य विम्याचं कार्डही तसंच परत गेलं. महिना उलटल्यावर मी तळमजल्यावरच्या त्या पितळी पेट्यांसमोर उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं, की तिथे तीन आडनावं आहेत आणि त्यात माझं नाही. वर जाऊन वहीच्या पानाची पट्टी कापली, निळ्या पेनने आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीने लावलं. पुढच्या आठवड्यापासून पत्रं यायला लागली. तोवर पहिला पगार कापून झाला होता.

म्हणून सांगते, नव्या घरात पहिली संध्याकाळ बॅगा उघडण्याआधी पेटीवर आणि खालच्या बेलवर नाव लावण्यात घालवा. तात्पुरती पट्टीसुद्धा चालते.

नोंदणीनंतर आणखी एक पत्र येतं, त्याला घाबरू नका आणि टाळूही नका. तिथल्या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो असते. घरात टीव्ही नसला तरी द्यावी लागते. पण ती घरामागे असते, माणसामागे नाही. घरातलं एक जण भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवायचा आणि रक्कम आपापसांत वाटून घ्यायची. पत्राला उत्तरच दिलं नाही तर थकबाकी चढत जाते.

पण घरमालक नोंदणीला नाही का म्हणतात?

याचं उत्तर शहराच्या इतिहासात आहे आणि मुंबईकराला ते लगेच कळेल.

१९८९ मध्ये भिंत पडल्यावर बर्लिन हे स्वस्त घरांचं शहर होतं. पूर्वेकडे रिकामी घरं होती आणि राज्य सरकार (बर्लिन शहर हेच एक राज्य आहे) कर्जात बुडालेलं होतं. त्या कर्जापायी २००४ मध्ये राज्याने आपली एक गृहनिर्माण कंपनी, सुमारे ६५,००० घरांसकट, ४० कोटी युरोंच्या आसपास खासगी गुंतवणूकदारांना विकली. म्हाडाने आपल्या ताब्यातल्या वसाहतीच्या वसाहती एका रात्रीत विकल्या तर काय होईल, याची कल्पना करा. मग शहरात नोकऱ्या आल्या, माणसं आली, पण घरं त्या वेगाने बांधली गेली नाहीत. भाडी चढली. २०२० मध्ये राज्याने कायदा करून भाडी गोठवली. एप्रिल २०२१ मध्ये देशाच्या घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला, हा अधिकार राज्याचा नाही म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरात बड्या कंपन्यांची घरं समाजाच्या मालकीची करावीत का यावर जनमत घेतलं, तेव्हा ५९ टक्के मतं "करावीत" अशी पडली. ते अजून प्रत्यक्षात आलेलं नाही.

जुन्या भाडेकरूंना कायद्याचं चांगलं संरक्षण आहे. त्यांचं भाडं हळूहळूच वाढवता येतं. म्हणून जुना करार असलेला माणूस घर सोडत नाही. मुंबईच्या पागडीच्या खोल्या आठवा. एकाच मजल्यावर एक जण नाममात्र भाडं देतो आणि शेजारी नवा आलेला डोळे पांढरे होतील एवढं. बर्लिनमध्ये फरक इतका टोकाचा नाही, पण जात तीच.

मग असं होतं, की जुना भाडेकरू वर्षभर परगावी जातो आणि घर न सोडता खोली तिसऱ्याला देतो. हे कायदेशीर आहे, पण मालकाची परवानगी लागते. ती घेतलेली नसेल, किंवा तो स्वतः देतो त्याहून जास्त भाडं तुमच्याकडून घेत असेल, तर त्याला तुमचं नाव सरकारदरबारी नको असतं. "नोंदणी होणार नाही" या तीन शब्दांमागे बहुतेकदा हीच भानगड असते. अशा खोलीत उद्या मालक दारात उभा राहिला तर तुमच्या बाजूने दाखवायला हातात काहीही नसतं.

"मग पैसे देऊन दुसऱ्याचा पत्ता नोंदवू"

असे पत्ते विकणारे असतात, आणि आपल्याच मुलांच्या गटांत त्यांचे नंबर फिरतात. तिथे राहत नसताना पत्ता नोंदवणं किंवा नोंदवायला देणं बेकायदा आहे. पत्ता देणाऱ्याला कायद्याने ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्हालाही दंड आहेच. आणि परवाना वाढवायच्या वेळी ज्या कार्यालयासमोर बसायचं, त्याच्याकडे आपण खोटं लिहून दिलेलं असतं. दोन-तीनशे युरो वाचवायला हा धोका पत्करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुलनेत उशीर झाला तर तो निभावतो. ब्युर्गरआम्ट, म्हणजे नोंदणीचं नागरिक कार्यालय, तिथली वेळ बर्लिनमध्ये चटकन मिळत नाही आणि हे कार्यालयांनाही ठाऊक आहे. दोन आठवड्यांत वेळ घेतल्याचा पुरावा ठेवा, ठरलेल्या दिवशी जा. शहरात अशी अनेक कार्यालयं आहेत आणि कोणत्याही भागातलं चालतं. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर संकेतस्थळावर मोकळ्या होतात.

"विद्यापीठाचं हॉस्टेल असेलच की"

आपल्याकडे कॉलेज आणि हॉस्टेल एका आवारात असतं, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. बर्लिनमध्ये वसतिगृहं विद्यापीठाची नसतात. विद्यार्थ्यांसाठीची एक वेगळी सार्वजनिक संस्था ती चालवते. तीच विद्यापीठांच्या मेसही चालवते. शहरात विद्यार्थी सुमारे दोन लाख, आणि या संस्थेच्या जागा नऊ हजारांहून थोड्या जास्त. भाडं बाहेरच्या निम्म्याच्या आसपास पडू शकतं, नोंदणी नक्की होते, म्हणून प्रतीक्षायादी महिनोन् महिने लांब असते. तरी प्रवेशपत्र हातात आलं त्याच दिवशी अर्ज टाका. पहिल्या सत्राला नाही मिळालं तर दुसऱ्याला मिळेल.

तोवर उरतं सामायिक घर. तिथे त्याला वेगे म्हणतात. तीन-चार जण एक घर घेतात, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर एक. आपल्या कॉट बेसिसमध्ये आणि यात मोठा फरक असा, की इथे निवड मालक करत नाही, राहणारे करतात. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून, चहा देऊन विचारतात, रात्री उशिरा जागतेस का, साफसफाईची पाळी जमेल का, मांसाहार शिजवला तर चालेल का. आपली मुलं इथे परीक्षेला बसल्यासारखी बसतात आणि गुणांची यादी वाचून दाखवतात. त्यांना गुण नको असतात. कुणासोबत राहायचं आहे ते कळायला हवं असतं. पोहे आवडीने करून घालते असं सांगणाऱ्या मुलीला खोली मिळालेली मी पाहिली आहे.

जाहिरातीतले दोन शब्द ओळखून ठेवा. थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. गरम भाडं म्हणजे त्यात हिवाळ्याची ऊब, पाणी वगैरे धरलेलं. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याहूनही वेगळं. तुलना नेहमी गरम भाड्याची करा. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त मागता येत नाही. आणि मालक लंडनला असतो, किल्ली कुरिअरने पाठवतो, आधी अनामत भरा, असं कुणी म्हणालं तर पुढचं वाक्य वाचूसुद्धा नका. सुंदर फोटो, कमी भाडं आणि घाई या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की ती फसवणूक असते. स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाने खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक युरो पाठवू नये.

"काम करून भागवीन ना"

काम करायची परवानगी आहे. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. किमान वेतन २०२६ च्या सुरुवातीपासून तासाला १३.९० युरो. आठवड्याला वीस तास काम मिळालं तर भाडं, विमा आणि जेवण निघू शकतं. म्हणजे गणित कागदावर जुळतं.

जुळत नाही ते पहिल्या सहा महिन्यांत. अभ्यासाशी संबंधित चांगल्या कामाला बहुधा जर्मन लागतं, आणि "सगळे इंग्रजी बोलतात" हे बर्लिनच्या कॅफेत खरं असलं तरी घरमालकाच्या पत्रात खरं नसतं. उरतं ते गोदामातलं किंवा सायकलवरून जेवण पोचवायचं काम. ते कमी प्रतीचं मुळीच नाही, पण जानेवारीत उणे तापमानात रात्री अकराला घरी येऊन सकाळचं व्याख्यान ऐकणं शरीराला झेपत नाही. आणि तिथे एकेका परीक्षेला साधारण तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झालात, की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं. एटीकेटीची सवय असलेल्या मुलांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं. म्हणून निदान पहिलं सत्र कामाच्या कमाईवर अवलंबून ठेवू नका. आणि जर्मन निघण्याआधी शिका, मॅक्सम्युलर भवनात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे जमेल तिथे.

"एजंट सगळं करून देतो म्हणतोय"

यावर मला जरा कळकळीने लिहायचं आहे, कारण इथे लोकांची जमीन गहाण पडते.

सरकारी विद्यापीठाचा अर्ज विद्यार्थी स्वतः करू शकतो. दिल्लीतल्या जर्मन पडताळणी केंद्राचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेलं, प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून जवळजवळ सर्वांना सक्तीचं आहे. त्याची फी १८,००० रुपये. अर्जांची छाननी करणारी संस्था पहिल्या अर्जाला ७५ युरो घेते, पुढच्या प्रत्येकाला ३०. एवढंच. मग एजंटचा फायदा कुठे? ज्या खासगी विद्यापीठात तो मूल पाठवतो, तिथून त्याला दलाली मिळते. म्हणूनच फी न घेणाऱ्या विद्यापीठाचं नाव त्याच्या तोंडून क्वचित निघतं.

सगळी खासगी विद्यापीठं वाईट नाहीत. पण एक मुद्दा तपासून घ्या. निवास परवाना वर्गात बसून शिकण्यासाठी मिळतो. अभ्यासक्रम मुख्यतः ऑनलाइन असेल तर कार्यालय म्हणू शकतं, की हे शिक्षण तुम्हाला भारतातूनही घेता येईल. २०२५ मध्ये बर्लिनमधल्या काही भारतीय विद्यार्थ्यांना अशाच कारणावरून परत जायला सांगण्यात आलं, तेही लाखो रुपये फी भरून झाल्यावर. प्रवेशपत्रात वर्ग कोणत्या शहरात, आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष भरतात, हे लेखी मागा. एजंटचं तोंडी आश्वासन तिथल्या खिडकीवर कुणी विचारात घेत नाही.

मग निघण्याआधी काय करायचं?

खोली शोधायला सत्र सुरू व्हायच्या तीन-चार महिने आधी लागा. हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळं शहरच खोली शोधत असतं. प्रत्येक जाहिरातीला पहिला प्रश्न "नोंदणी होईल का?" हाच विचारा, भाडं नंतर. शहराच्या मध्याजवळ राहायचा हट्ट सोडा. प्रवासाचा पास हातात असतोच, श्पान्डाऊ किंवा मार्त्सानसारख्या टोकाच्या भागातून पाऊण-एक तासात कुठेही पोचता येतं. शेजारचं पॉट्सडाम शहरही चालेल, फक्त ते दुसऱ्या राज्यात येतं, म्हणजे परवान्याचं कार्यालय बदलेल. आणि पहिल्या महिन्यासाठी हजार-दीड हजार युरो कणगीबाहेर वेगळे ठेवा. अनामत, पहिलं भाडं, गादी, भांडी सगळं एकदम येतं, आणि कणगीतून तर ९९२ च निघतात.

त्या रात्री सांगलीची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे परत शून्यापासून." दुसऱ्या दिवशी तिने ती खोली नाकारली. पहिले तीन आठवडे एका ओळखीच्या मराठी जोडप्याकडे काढले आणि ऑक्टोबरच्या शेवटी श्पान्डाऊमध्ये दोन मुलींसोबत खोली मिळाली, विद्यापीठापासून पन्नास मिनिटांवर, भाडं त्या खोलीपेक्षा चाळीस युरो जास्त. नोव्हेंबरात तिने बाबांना एक फोटो पाठवला, त्यांनी तो मला पाठवला. करड्या पत्रपेट्यांची ओळ आणि त्यातल्या एकीवर, दोन जर्मन आडनावांच्या खाली, वहीच्या कागदाच्या पट्टीवर तिचं आडनाव. खाली बाबांनी लिहिलं होतं, "सातबाऱ्यावर नाव लागलं."